खांद्यावर चालणारी नाव

सन १८२१, सप्टेंबरची २६ तारीख. कॅनडाच्या पार उत्तरेला कॉपरमाइन नदीच्या काठावर जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेतली अर्धपोटी माणसं येऊन थडकली. आर्क्टिक किनाऱ्याचा नकाशा काढून ती परतीच्या वाटेवर होती. हिवाळ्याचं ठाणं नदीपलीकडे, आणखी काही दिवसांच्या चालीवर होतं. याच नदीतून दोनच महिन्यांपूर्वी ती कनूतून खाली उतरली होती. आता मात्र कनू उरली नव्हती. मोठ्या कनू मोडून त्यांतून दोन लहान कनू बनवल्या होत्या आणि त्या उजाड माळावरून आळीपाळीने वाहून आणल्या होत्या. पण वाऱ्यात आणि थकव्यात त्या आपटून फुटत गेल्या, आणि शेवटची मागेच टाकून द्यावी लागली.

आता पलीकडे जायचं कसं? काठावरच्या विलोच्या ओल्या फांद्यांचा तराफा बांधला, तर तो नीट तरंगेना. मोहिमेचे डॉक्टर जॉन रिचर्डसन कमरेला दोर बांधून पोहत निघाले. थोड्याच अंतरावर त्यांचे हात निकामी झाले. ते पाठीवर वळले, तर पायांनीही साथ सोडली. बुडता बुडता त्यांना दोराने मागे ओढून घेतलं. अखेर दुभाषी पिएर सेंट जर्मेन याने बिछाने गुंडाळायच्या कापडाची, फांद्यांच्या सांगाड्यावरची एक इवलीशी नाव शिवली, आणि ४ ऑक्टोबरला एकेक माणूस पलीकडे गेला. मधल्या आठ दिवसांत उरलंसुरलं बळ संपलं होतं. वीस जणांपैकी अकरा जण त्या मोहिमेत दगावले. उरलेल्यांना नोव्हेंबरात अकैचो या डेने प्रमुखाच्या माणसांनी मांस पुरवून जगवलं.

कनूतून लांबचा प्रवास म्हटलं की डोळ्यांपुढे वल्हं आणि पाणी येतं. उत्तर कॅनडात मात्र या नावेची खरी कसोटी जमिनीवर लागते. ती उचलता आली पाहिजे, वाहता आली पाहिजे, वाटेत फुटली तर तिथेच दुरुस्त करता आली पाहिजे. हजार किलोमीटरचा नदीप्रवास तडीला जातो की नाही, हे बहुतेक वेळा दोन पाण्यांच्या मधल्या चिखलवाटेवर ठरतं.

हिमचादरीने विस्कटलेला मुलूख

याचं कारण तिथल्या भूगोलात आहे. कॅनडाचा जवळपास अर्धा भाग ‘कॅनेडियन शील्ड’ या अतिप्राचीन खडकाने व्यापलेला आहे. येलोनाइफच्या उत्तरेला अकास्टा नदीजवळ सापडलेले खडक सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत. या म्हाताऱ्या खडकावरचं पाणी मात्र अगदी तरुण आहे. वीसएक हजार वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश लॉरेंटाइड हिमचादरीखाली होता, आणि काही ठिकाणी बर्फाची जाडी तीन किलोमीटरच्या घरात होती. त्या बर्फाने जुनी खोरी खरवडली, माती पुसून नेली, खोलगट जागा कोरल्या आणि वितळताना दगडगोट्यांचे ढीग वाटेल तिथे टाकून दिले.

जुन्या नद्यांना आपला उतार घासून एकसारखा करायला लाखो वर्षं मिळालेली असतात. इथल्या नद्यांना जेमतेम आठ-दहा हजार वर्षं मिळाली आहेत. त्यामुळे त्यांचं पात्र अजून बसलेलं नाही. पाणी एका खळग्यात साचतं, तलाव भरतो, काठाच्या सखल जागेवरून सांडतं, खडकाळ पायरीवरून धडधडत खाली येतं आणि पुढच्या तलावात शिरतं. तलाव, खळाळ, तलाव, धबधबा, पुन्हा तलाव अशी ती साखळी असते. एका खोऱ्यातलं पाणी आणि दुसऱ्या खोऱ्यातलं पाणी यांच्यामध्ये कित्येकदा चार-दोन किलोमीटरचाच उंचवटा असतो. तेवढी जमीन ओलांडली की वेगळ्या समुद्राकडे जाणारी नदी हाती लागते.

म्हणजे या प्रदेशात होडीशिवाय चालत जावं तर पावलोपावली तलाव आडवा येतो, आणि जड होडी घेऊन जावं तर प्रत्येक खळाळाशी ती अडते. इथे अशीच होडी हवी, जी पाण्यावर शेकडो किलो पेलेल आणि जमिनीवर एक-दोन माणसांना पेलवेल. क्री, अनिशिनाबे, इन्नू, डेने या तिथल्या मूळ रहिवाशांनी ती घडवली होती. युरोपीय व्यापारी आणि संशोधक पुढे तिच्यातूनच हिंडले, आणि तेही बहुतेक वेळा या लोकांच्याच मार्गदर्शनाखाली.

साल, मुळं आणि डिंक

कनूची साल येते ती बर्चच्या झाडाची. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्या हिमालयातल्या भूर्जाच्याच कुळातलं हे झाड. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या बर्चची साल उभा छेद देऊन एका रुंद पत्र्यासारखी सोलून काढता येते. ती लवचीक असते, पाणी शोषत नाही आणि सहजी कुजत नाही.

युरोपातला नाव बांधणारा कारागीर बहुतेकदा आधी सांगाडा उभारतो आणि मग त्यावर फळ्या ठोकतो. सालीच्या कनूचं काम याच्या अगदी उलट चालतं. जमिनीवर साल पसरायची, तिच्यावर दगड ठेवून ती दाबायची, कडा वर वळवून दोन्ही अंगांना खुंट्या ठोकायच्या. सालीची आतली तपकिरी बाजू पाण्याकडे येते आणि झाडावर दिसणारी पांढरी बाजू नावेच्या आत जाते. सालीचे तुकडे स्प्रूस झाडाच्या चिरलेल्या मुळांनी शिवतात. मग वरच्या काठाच्या पट्ट्या बांधून, आत सीडर लाकडाच्या पातळ फळ्या अंथरून, त्यांवर वाफेने वाकवलेल्या सीडरच्याच बरगड्या ठोकून बसवतात. बरगड्यांच्या ताणामुळे सालीला आकार येतो. शेवटी शिवणींवर स्प्रूसचा डिंक लावतात. तो थंडीत तडकू नये म्हणून त्यात चरबी मिसळतात, आणि बऱ्याचदा कोळशाची पूडही घालतात.

अख्ख्या नावेत एकही खिळा नाही. प्रवासात ती खडकावर घासून फाटली, तर काठाला लागायचं, मुळं उपटायची, डिंक तापवायचा आणि तासा-दोन तासांत पुन्हा निघायचं. दुरुस्तीचं सामान काठावरच्या रानातच उभं असायचं. फ्रँकलिनची माणसं ज्या माळावर अडकली, तिथे झाडंच नव्हती. बर्चची नाव वृक्षरेषेच्या पलीकडे गेली की तिच्यामागचं कोठार संपतं. ही वृक्षरेषा मॅकेंझी नदीच्या मुखापासून तिरकी आग्नेयेकडे, हडसन उपसागरावरच्या चर्चिलपर्यंत उतरत जाते. तिच्यापलीकडच्या इन्युइट लोकांनी म्हणूनच लाकडाचा कमीत कमी वापर असलेली कयाक घडवली. सीलच्या किंवा कॅरिबूच्या कातड्याने मढवलेली, वरून बंद, शिकारीसाठी वेगवान. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रानटी रेनडिअर.

एक किलोमीटरचे पाच

दोन पाण्यांमधला हा जमिनीचा टप्पा म्हणजे ‘पोर्टेज’. बीव्हर या प्राण्याच्या केसाळ कातड्यांच्या व्यापाराच्या काळात पोर्टेज हेच सगळ्या वाहतुकीचं माप होतं. युरोपातल्या फेल्ट टोप्यांना बीव्हरची लव लागायची, आणि ती आणायला माँट्रियलहून दरवर्षी कनूंचे तांडे निघायचे. त्यांत वल्ही मारणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन मजुरांना ‘व्हॉयाजर’ म्हणत. मोठ्या तलावांवर चालणारी कनू सुमारे ११ मीटर लांब असायची आणि तिच्यात तीनएक टन माल मावायचा. सुपीरियर सरोवराच्या पश्चिमेला अरुंद नद्या सुरू झाल्या की माल साडेसात-आठ मीटरच्या ‘उत्तरेच्या कनू’त चढवला जायचा.

मालाचे गठ्ठे ठरावीक वजनाचे, सुमारे ९० पौंडांचे, म्हणजे ४१ किलोंचे बांधलेले असत. पोर्टेजवर प्रत्येक गड्याने एका खेपेला दोन गठ्ठे उचलायचे असा रिवाज होता. ओझं चामडी पट्ट्याने कपाळावर पेलायचं. केदारनाथच्या वाटेवरचा नेपाळी हमाल डोक्याला पट्टा लावून पाठीवर ओझं नेतो, अगदी तसं. सुपीरियरच्या काठावरचं ‘ग्रँड पोर्टेज’ जवळपास १४ किलोमीटरचं होतं. त्याहून नामांकित म्हणजे आजच्या सस्कॅचवान प्रांतातलं मेथी पोर्टेज. त्याची लांबी सुमारे १९ किलोमीटर. १७७८ साली पीटर पाँड हा व्यापारी तिथल्या लोकांनी दाखवलेल्या या वाटेने पलीकडे उतरला आणि व्यापाराला हडसन उपसागराच्या खोऱ्यातून आर्क्टिकच्या खोऱ्यात जायचा दरवाजा सापडला. अकराच वर्षांनी, १७८९ साली, अलेक्झांडर मॅकेंझी सालीच्या कनूतून आर्क्टिक महासागरापर्यंत जाऊन फोर्ट चिपेवयानला परत आला. या साऱ्याला १०२ दिवस लागले.

गठ्ठे गेले, टोप्यांची फॅशन गेली, पण पोर्टेजचं गणित तेच राहिलं. समजा, आज दोघं जण चाळीस दिवसांच्या प्रवासाला निघाले. सुकवलेलं अन्न धरलं तरी माणशी रोज किलोभर लागतं. म्हणजे ८० किलो अन्न झालं. तंबू, कपडे, दोर, भांडी, दुरुस्तीचं सामान, औषधं मिळून ५० किलो. कनू ३५ किलोंची. एकूण १६५ किलो. एका वेळी ३०-३५ किलोच माणूस खडबडीत वाटेवर धड पेलू शकतो, म्हणून पाच ओझी होतात. दोघांत पाच ओझी म्हणजे तीन खेपा. तीनदा पलीकडे जायचं तर मधे दोनदा रिकाम्या हाती परत यायचं. एक किलोमीटरचं पोर्टेज असं पाच किलोमीटरचं होतं, तेही गुडघाभर चिखलातून, विलोच्या झुडपांतून किंवा हलणाऱ्या धोंड्यांवरून. पाच किलोमीटरचं असेल तर पंचवीस.

म्हणूनच मुरलेला प्रवासी सामान भरताना एकेक वस्तू हातात तोलून पाहतो. एक किलो वाचला तर तो प्रत्येक पोर्टेजवर वाचतो. आठवड्यागणिक अन्न घटत जातं, ओझी पाचाची चार होतात, खेपा तीनाच्या दोन होतात आणि एक किलोमीटरला तीनच किलोमीटर चालावं लागतं. प्रवासाचे पहिले दहा दिवस सर्वांत कष्टाचे असतात ते यामुळे. शरीर सरावलेलं नसतं आणि ओझं सर्वांत जड असतं.

साठ दिवसांचा उन्हाळा

वजनाइतकाच पक्का हिशेब दिवसांचा असतो. वृक्षरेषेपलीकडचे मोठे तलाव जुलैच्या सुरुवातीपर्यंत गोठलेले असतात. दुबावंट तलावावर तर जुलै उलटत आला तरी बर्फाचे तुकडे आढळतात. ऑगस्टच्या मध्यावर खुरटी झुडपं लाल-पिवळी होऊ लागतात, सप्टेंबरात हिमवर्षाव सुरू होतो. नावेने फिरायला मिळतात ते मधले साठेक दिवस. त्यांतल्या सुरुवातीच्या दिवसांत सूर्य फार थोडा वेळ मावळतो आणि जूनअखेरीस तर रात्री काळोखच होत नाही.

या न मावळत्या उजेडाचा उपयोग वाऱ्याला चुकवण्यासाठी होतो. माळरानावर वाऱ्याला अडवायला झाड नाही. तीस-चाळीस किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेला वारा दुपारपर्यंत अशा लाटा उठवतो की उघडी कनू त्यांत टिकत नाही. म्हणून मोठा तलाव ओलांडायचा तर पहाटे दोन-तीनला वल्हवायला सुरुवात करायची आणि वारा उठायच्या आत पलीकडचा काठ गाठायचा. तेही सरळ रेषेत जायचं नाही. काठाकाठाने, लांबचा फेरा घेऊन. वारा पडला नाही, तर एकेक दिवस, कधी चार-चार दिवस तंबूत बसून काढायचे. वेळापत्रकात असे अडकलेले दिवस आधीच धरावे लागतात. आठवड्यातले एक-दोन दिवस जमेला धरायचे नाहीत, असा साधा नियम कित्येक जण पाळतात.

वारा थांबला की डास आणि काळ्या माश्या येतात. उन्हाळ्यात वरचा जमिनीचा थर वितळतो, खालचा कायम गोठलेला असतो. पाणी झिरपायला जागा नसल्याने सारा माळ दलदलीचा होतो आणि त्यातून कीटकांचे ढग उठतात. कॅरिबूचे कळपसुद्धा त्यांच्यापासून सुटका म्हणून वाऱ्याच्या उंचवट्यांवर चढतात. माणसांनाही तंबूसाठी असाच उंचवटा आवडतो. तो बहुतेकदा ‘एस्कर’ असतो. हिमचादरीच्या पोटातून वाहणाऱ्या प्रवाहांनी साठवलेल्या वाळू-गोट्यांचा हा नागमोडी बांध. कोरडा, वाऱ्याचा, दूरवर दिसणारा. जनावरांच्या पायवाटा त्याच्या माथ्यावरून जातात आणि लांडगे त्याच्या वाळूत बिळं करतात.

वाटेत शिकार, मासे मिळतील या भरवशावर अन्न कमी घेणं हा उत्तरेतला जुना धोका आहे. मासे मिळतात, पण त्यांत चरबी कमी. कॅरिबू लाखांनी असतात, पण ते आज इथे असतील आणि उद्या शंभर किलोमीटरवर. जॉन हॉर्नबी हा उत्तरेत वर्षानुवर्षं काढलेला माणूस. १९२६ साली तो थेलॉन नदीकाठी दोन तरुणांना घेऊन हिवाळा काढायला गेला. शरद ऋतूतला कॅरिबूंचा कळप चुकला. १९२७ च्या वसंतात तिघेही उपासमारीने गेले. त्यांतल्या अठरा वर्षांच्या एडगर ख्रिश्चनने शेवटपर्यंत लिहिलेली रोजनिशी पुढे त्या झोपडीतल्या शेगडीत सापडली. तिच्यातूनच या मृत्यूंची हकीकत जगाला कळली.

पाणी वाचायचं कसं

खळाळ समोर आला की तीन पर्याय असतात. नाव घेऊन उतरायचं, काठावरून दोराने नाव सोडायची, किंवा सगळं उचलून पोर्टेज करायचं. निर्णय काठावर उतरून, पूर्ण खळाळ चालत पाहून घेतला जातो.

पाण्याला वाचायची काही अक्षरं आहेत. दोन खडकांमधून पाणी निसटतं तिथे पृष्ठभागावर गुळगुळीत त्रिकोण दिसतो आणि त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेला असतं. ती वाट. टोक वरच्या अंगाला असेल, तर त्या टोकाशी खडक लपलेला आहे. खडकाच्या मागे पाणी उलटं फिरून शांत होतं. त्या जागेला ‘एडी’ म्हणतात आणि खळाळाच्या मधोमध थांबायला, श्वास घ्यायला, पुढचा टप्पा बघायला ती जागा उपयोगी पडते. प्रवाह आडवा कापायचा असेल, तर नावेचं नाक थोडं वरच्या दिशेला तिरकं ठेवून वल्हवायचं. पाण्याचा जोरच नावेला बाजूला ढकलत नेतो.

खळाळांची पहिली ते सहावी अशी प्रतवारी असते. भरलेल्या उघड्या कनूसाठी तिसऱ्या प्रतीचा खळाळ म्हणजे मर्यादा. पण उत्तरेत प्रतवारीला दुर्गमतेची जोड द्यावी लागते. शहराजवळच्या नदीत नाव उलटली तर माणूस ओला होतो. जिथून जवळचं गाव तीनशे किलोमीटरवर आहे, तिथे नाव उलटली तर अन्न, तंबू आणि घरी जायचं वाहन एकदमच वाहून जातं. शिवाय पाणी नुकतंच वितळलेलं असतं. थंड पाण्यावर संशोधन करणारे मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी एक ढोबळ सूत्र लोकप्रिय केलं आहे. पहिलं एक मिनिट श्वासावर ताबा मिळवायला, पुढची दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतील तोवरची, आणि साधारण एक तास शुद्ध हरपेपर्यंत. रिचर्डसनचे हात त्या नदीत का थांबले, याचं उत्तर यात आहे. छाती-पोट गार होण्याच्या कितीतरी आधी हातापायांचे स्नायू आणि नसा काम सोडतात. पोहता येणाऱ्यालाही म्हणून तरंगतं जॅकेट लागतं.

वजन, दिवस आणि थंड पाणी हे तिन्ही हिशेब एकत्र कसे चुकतात, हे १९५५ सालच्या एका प्रवासात दिसतं. अमेरिकन आर्थर मॉफॅट पाच तरुणांना आणि तीन कनूंना घेऊन दुबावंट नदीने बेकर लेक या वस्तीकडे निघाला होता. तो अनुभवी होता आणि या प्रवासावर चित्रपट करत होता. प्रवास रेंगाळला. अन्न आटत गेलं, शिकारीवर भिस्त वाढली, सप्टेंबर उजाडला, बर्फ पडू लागलं. १४ सप्टेंबरला एका खळाळात कनूंत पाणी भरलं आणि माणसं गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पडली. सगळ्यांना काठावर आणलं गेलं, पण मॉफॅट थंडीने त्याच दिवशी गेला. बाकीचे पाच जण पुढे बेकर लेकला पोचले. तोच खळाळ जुलैच्या उन्हात, भरल्या पोटाने गाठला असता, तर कदाचित थांबून पाहिला गेला असता आणि पडूनही माणसं वाचली असती.

एकाच वाटेवरच्या दोन मोहिमा

याउलट नियोजन जमलं तर काय होतं, हे लॅब्राडॉरमधली एक फसलेली आणि एक जमलेली मोहीम शेजारी ठेवली की दिसतं. १९०३ साली लिओनिडास हबर्ड हा न्यू यॉर्कचा पत्रकार, त्याचा मित्र डिलन वॉलेस आणि क्री-स्कॉटिश वंशाचा जॉर्ज एल्सन एका कनूतून निघाले. नॅस्कापी नदीने वर जाऊन, जलविभाजक ओलांडून, जॉर्ज नदीने उंगावा उपसागराला उतरायचं असा बेत होता. पण ग्रँड लेकच्या टोकाशी नॅस्कापीचं मुख त्यांच्या नजरेतून सुटलं आणि ते सुसान नावाच्या लहानशा ओढ्यात शिरले. पुढचे आठवडे नाव ओढण्यात आणि ओझी वाहण्यात गेले. ऑक्टोबरात परत फिरताना हबर्ड तंबूत उपासमारीने मरण पावला. एल्सन बर्फातून चालत जाऊन मदत घेऊन आला, म्हणून वॉलेस वाचला.

१९०५ च्या २७ जूनला हबर्डची विधवा मीना हीच वाट पुरी करायला निघाली. मार्गदर्शकांचं पुढारपण एल्सनकडे होतं. सोबत जोब चॅपिस, जोसेफ इझरहॉफ आणि गिल्बर्ट ब्लेक होते. त्याच दिवशी वॉलेसही स्वतःची वेगळी मोहीम घेऊन निघाला, आणि वर्तमानपत्रांनी ती शर्यत करून टाकली. मीनाच्या माणसांत नदीवर वाढलेले गडी होते. प्रवाहाविरुद्ध जाताना वल्ह्याचा उपयोग नसतो. तिथे लांब काठी तळाला रोवून, उभं राहून नाव ढकलत न्यावी लागते आणि या कामात चॅपिसचा हात कोणी धरू शकत नव्हतं. २९ ऑगस्टला मीना उंगावाच्या काठावरच्या ठाण्यावर पोचली. वाटेत तिला कॅरिबूंचं मोठं स्थलांतर दिसलं, इन्नूंच्या वस्त्या भेटल्या, आणि तिने नॅस्कापी व जॉर्ज नद्यांचे नकाशे केले. वॉलेस सुमारे सात आठवड्यांनी पोचला. तेही अन्न पुरेना म्हणून तीन साथीदारांना मधूनच परत पाठवून.

मीनाच्या काळी वृत्तपत्रांना बाईचं धाडस तेवढं दिसलं. नदीवरचे निर्णय एल्सन आणि चॅपिस घेत होते, आणि खुद्द मीनाने आपल्या पुस्तकात त्यांचं श्रेय नोंदवलं आहे. आज ती वाट तशी उरलेली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चर्चिल फॉल्सच्या जलविद्युत प्रकल्पासाठी स्मॉलवुड जलाशय झाला. तिने ओलांडलेला मिशिकामाऊ तलाव त्यात बुडाला आणि नॅस्कापीच्या उगमाकडचं पाणी वळवलं गेलं.

आजचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टींनी हा प्रवास बदलला. पहिली म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. १९४७ साली पहिलं उड्डाण केलेलं द हॅविलंड बीव्हर तलावावर उतरतं, आणि कनू त्याच्या तरंगत्या पायाला बांधून नेता येते. पूर्वी जिथे पोचायलाच एक उन्हाळा लागायचा, तिथे आता काही तासांत पोचता येतं. विमानभाडं हा अशा प्रवासाचा सर्वांत मोठा खर्च असतो, त्यामुळे दुमडून पिशवीत मावणाऱ्या कनूही लोकप्रिय झाल्या.

दुसरा बदल साहित्यातला. विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने युद्ध संपता संपता ॲल्युमिनियमची कनू काढली. पुढे रॉयलेक्स नावाचं थरांचं प्लास्टिक आलं. खडकावर आपटलं तर ते दबायचं आणि पुन्हा आकारावर यायचं. खळाळांच्या नद्यांसाठी कित्येक वर्षं तेच पहिल्या पसंतीचं होतं, पण दशकभरापूर्वी त्याचं उत्पादन थांबलं. केवलारची कनू वीसेक किलोंची असते, पोर्टेजला ती वरदान, पण खडकांशी तिला जपून वागवावं लागतं. हलकेपणा हवा की टणकपणा, हा सालीच्या काळातला सवाल इथेही सुटलेला नाही.

आजच्या प्रवाशांच्या आवडत्या वाटा ठरलेल्या आहेत. साउथ नहानी नदीवर सुमारे नव्वद मीटर उंचीचा व्हर्जिनिया धबधबा आहे. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली तीत इथलं नहानी राष्ट्रीय उद्यान होतं. थेलॉनवर १९२७ साली कस्तुरी-बैलांसाठी केलेलं अभयारण्य आहे. तिथे वृक्षरेषेच्या कितीतरी उत्तरेला नदीकाठाने स्प्रूसची रानं टिकून आहेत. कझान आणि थेलॉन दोन्ही बेकर लेकला मिळतात, तिथे नुनावूतमधली समुद्रापासून आत असलेली एकमेव वस्ती आहे.

या मुलखाला ‘निर्जन’ म्हणायची सवय बाहेरून आलेल्यांची. कझानच्या खालच्या टप्प्यावर शरद ऋतूत कॅरिबू नदी पोहून जातात. हार्वाक्तूर्मियुत इन्युइट तिथे पिढ्यानपिढ्या कयाकमधून भाल्याने शिकार करत. कळप ज्या काठावरून पाण्यात उतरतो तिथे तंबू ठोकायचा नाही, मांस साठवायचं नाही, जनावर बुजेल असं काही करायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. ती जागा आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. कनूतून येणाऱ्या प्रवाशाला छान सपाट, मोकळी वाटणारी तंबूची जागा कित्येकदा अशीच कोणाची तरी जुनी वहिवाट असते. काठावरची दगडांची वर्तुळं म्हणजे तंबूंच्या कडा दाबून धरलेले दगड. ते हलवायचे नाहीत, एवढी शिस्त प्रत्येक प्रवाशाने पाळायला हवी.

हातात मावणारं उपग्रह-संदेशयंत्र आता जवळपास सगळ्यांकडे असतं. त्याने एकटेपणा कमी झाला, पण नदी सोपी झाली नाही. बटण दाबल्यावर संदेश मिनिटांत पोचतो, तरी धुकं असेल, वारा असेल, तर विमान उतरू शकत नाही आणि मदतीला दिवस लागू शकतात. थंड पाण्यातली दहा मिनिटं त्याआधीच सरलेली असतात. म्हणून संध्याकाळी पाचला, पाय दुखत असताना, पुढचा खळाळ दिसतो तेव्हा यंत्राचा फारसा उपयोग नसतो. काठाला लागून तो चालत पाहायचा, आणि शंका असेल तर तीन खेपा करायच्या. ज्या मोहिमा सुखरूप परतल्या, त्यांच्या नोंदींत अशा कंटाळवाण्या खेपांची पानंच्या पानं आहेत.